'मंडळीला दगड वाहिले': मंडळी म्हणजे माणसं की इमारत?

प्रश्न असा आहे: नगरकडच्या गावातल्या आठवणी लिहिताना आजीचं एक वाक्य जसंच्या तसं टिपलं, "आम्ही मंडळीला दगड वाहिले." शब्दकोशात मंडळी म्हणजे जमलेली माणसं. मग इथे मंडळी म्हणजे चर्चची इमारत घ्यायची का? की आजीची बोलण्यात गफलत झाली?

गफलत मुळीच नाही. आजीचं वाक्य तसंच राहू द्या, 'चर्च' घालून दुरुस्त करू नका.

मूळ अर्थ माणसांचाच आहे. बायबलच्या मराठी भाषांतरात ग्रीक 'एक्लेसिया'साठी मंडळी हा शब्द रुळला. एक्लेसिया म्हणजे सभा. ग्रीक नगरांतली नागरिकांची सभाही याच नावाने ओळखली जाई. येशूचा प्रेषित पौल याने करिंथ या ग्रीक शहरातल्या मंडळीला पत्रं लिहिली तेव्हा तिथे चर्चची वेगळी वास्तू नव्हती. लोक कुणाच्या तरी घरी जमायचे, म्हणून त्याच्या पत्रांत घरात जमणाऱ्या मंडळीला सलाम सांगितलेले आढळतात. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात मात्र येशू आपल्या पेत्र या शिष्याला म्हणतो, ह्या खडकावर मी आपली मंडळी 'रचीन'. आता रचायच्या त्या भिंती, विटा, गंजी. नाम माणसांचं आणि क्रियापद गवंड्याचं, म्हणजे दोन्ही अर्थांचं बी तिथेच पडलेलं आहे.

गंमत अशी की हाच ग्रीक शब्द मराठीत दुसऱ्या वाटेनेही आला. एक्लेसियाचं पोर्तुगीज रूप 'इग्रेजा', आणि त्यावरून आपली 'इगर्जी'. वसई 1534 ते 1739 पोर्तुगिजांकडे होती, तेव्हा किनाऱ्यावर हा शब्द मुरला यात नवल नाही. इगर्जी म्हणजे मात्र चक्क वास्तू. तिला घंटा असते, पायऱ्या असतात. तोच शब्द जहाजातून उतरला तेव्हा इमारत झाला आणि भाषांतरातून आला तेव्हा माणसं. इंग्रजी 'चर्च'चा उगम तर तिसराच, ग्रीक 'किरियाकोन', म्हणजे प्रभूचं.

नगर भागात मंडळी शब्द इतका घट्ट बसला, त्याला माझ्या मते आणखी एक कारण आहे. अमेरिकन मराठी मिशन 1813 साली मुंबईत सुरू झालं आणि 1831 मध्ये नगरला आलं. हे मिशनरी बहुतेक काँग्रिगेशनल या प्रॉटेस्टंट पंथाचे. त्यांच्या रीतीत एका ठिकाणच्या सभासदांनी एकत्र येऊन करार केला की तीच पूर्ण मंडळी. तिने आपला पाळक (म्हणजे धर्मोपदेशक) नेमायचा, आपला कारभार आपण पाहायचा. त्यामुळे मंडळी स्थापन व्हायला इमारत लागत नसे. कित्येक खेड्यांत मिशनची शाळा हीच उपासनेची जागा असे आणि शिकवणारे मास्तरच रविवारी वचन सांगत. आधी मंडळी, मग कधीतरी दगड. आजीच्या वाक्यातला 'ला' त्यामुळे दोन्हीकडे लागतो: मंडळीसाठी म्हणजे समाजासाठी, आणि मंडळीच्या बांधकामाला. 'शाळा बांधली', 'शाळा सुटली', 'शाळेने सहल काढली' यांत शाळा तीनदा वेगळी होते आणि आपण अडखळतसुद्धा नाही. मंडळीचं तसंच आहे.

आता व्याकरण. हा भाग मला सगळ्यांत मजेचा वाटतो, कारण दोन्ही मंडळी एका प्रत्ययाने वेगळ्या ओळखता येतात. घरच्या बोलण्यात आपण म्हणतो, 'मंडळींना पानं वाढा', 'मंडळींनी आवरलं का?' अनुस्वार हवाच, कारण मनात अनेक माणसं आहेत. ख्रिस्ती वापरात 'मंडळीला पत्र', 'मंडळीने ठराव केला', 'मंडळीत घेतलं', 'मंडळीबाहेर काढलं'. इथे ती एकच, एकवचनी, स्त्रीलिंगी. आणि एकवचन असल्यामुळे तिचं अनेकवचनही होतं, जे एरवीच्या मराठीत सहसा कानावर पडत नाही: बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, योहान आशियातल्या (म्हणजे त्या नावाच्या रोमन प्रांतातल्या) सात 'मंडळ्यांना' लिहितो. मंडळ्या! माझ्या कानाला हे रूप आधी विचित्र लागलं होतं, आता गोड वाटतं.

कर्तापदी मात्र फरक दिसत नाही. 'मंडळी जमली' म्हणजे लग्नाची की उपासनेची, ते संदर्भावरूनच ठरवायचं. त्यात 'मंडळी' म्हणजे बायको हा जुना अर्थ मिसळला की धमालच. 'पाळकसाहेबांची मंडळी गावाला गेली' हे ऐकून घरात शांतता आहे की चर्च रिकामं आहे, कसं कळणार? म्हणूनच की काय, पाळकांच्या पत्नीला 'पाळकीणबाई' हा स्वतंत्र शब्द आहे.

तुमच्या लेखनापुरतं सांगायचं तर आजीच्या आणि गावकऱ्यांच्या तोंडी मंडळी ठेवा. निवेदनात इमारतीबद्दल बोलताना 'चर्च' लिहा, म्हणजे बाहेरचा वाचक गोंधळणार नाही. 'मंडळींची स्थापना' असा अनुस्वार पडला असेल तर काढा.

एक पथ्य पाळा. हे सगळं मुख्यतः प्रॉटेस्टंट घरांचं बोलणं आहे. कॅथलिक मराठीत 'पाळक' नसतात, 'धर्मगुरू' किंवा 'फादर' असतात. उपासनेऐवजी 'मिस्सा', आणि सगळ्या श्रद्धावंतांच्या समाजाला 'ख्रिस्तसभा'. नगर जिल्ह्यात दोन्ही पंथांची गावं आहेत, तेव्हा जिल्ह्यावरून अंदाज बांधू नका. आजी कुठल्या मंडळीची होती हे ठाऊक असेलच; तिच्या शेजारणी मिस्साला जात असतील तर त्यांच्या तोंडी मंडळी घालू नका.