‘ए’ लावू की ‘ॲन’, इथेच जीभ अडते

“मॅडम, वाक्य डोक्यात तयार असतं. पण ए लावू की ॲन, इथे गाडी अडते आणि मग मी गप्पच बसते.”

ही निफाड तालुक्यातली मुलगी, नाशिकला डिप्लोमा करणारी. सातपूरच्या एका कंपनीत मुलाखत होती, म्हणून आली होती. (ओळख कळू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) असं सांगणारी मुलं माझ्याकडे नेहमी येतात. बरीचशी मराठी माध्यमातली, आणि आपलं इंग्रजी मुळातच कच्चं आहे हे धरून चाललेली.

बोलता बोलता शाळेतली गोष्ट निघाली. वर्गात ती ‘ॲन युनिव्हर्सिटी’ म्हणाली होती आणि सगळे हसले होते, शिकवणारे सरसुद्धा. मला याचा फार राग येतो. ए, ई, आय, ओ, यू आलं की ॲन, एवढंच तिच्याकडून पाठ करून घेतलं होतं आणि तिने तेच केलं होतं. अर्धा नियम शिकवायचा आणि चूक मुलीच्या माथी मारायची!

खरा नियम स्पेलिंगमधल्या अक्षराचा नाही, कानाला ऐकू येणाऱ्या पहिल्या आवाजाचा आहे. मी तिच्यापुढे कागद ठेवला आणि म्हटलं, “शब्द देवनागरीत लिही. सुरुवातीला स्वर दिसला तर ॲन, व्यंजन दिसलं तर ए.” तिने लिहिलं: अवर, ऑनेस्ट, युनिव्हर्सिटी, युनिफॉर्म, वन-वे, एसटी. एसटीपाशी थांबली. “एस तर व्यंजन ना, मॅडम?” मी म्हटलं, “तू काय लिहिलंस ते बघ.” कागदावर सुरुवातीला ‘ए’ हा स्वर होता. म्हणजे ॲन एसटी बस. मग ॲन एफआयआर, ॲन एलआयसी एजंट आणि ए यूपीआय पेमेंट तिचं तिनेच लावलं. मराठी माध्यमातल्या मुलांच्या हाताशी उच्चाराप्रमाणे चालणारी लिपी आहे, ही केवढी जमेची बाजू! जपायचं ते आपल्या उच्चारांना. वर्ष या अर्थाचा शब्द आपण ‘इयर’ म्हणतो, पण इंग्रजीत तो ‘यिअर’, म्हणून ए यिअर.

ए-ॲन मुळात लावायचा की नाही, हा प्रश्न वेगळा आणि जास्त अवघड. ‘मी इंजिनिअर आहे’ यात मराठीला काही लागत नाही, म्हणून ‘आय ॲम इंजिनिअर’ सहज निसटतं. उलट ॲडव्हाइस, इन्फर्मेशन, फर्निचर, लगेज हे शब्द इंग्रजी मोजत नाही, त्यामुळे तिथे ए-ॲन येत नाही. हे वाचून-ऐकूनच हळूहळू अंगवळणी पडतं. रशियन आणि जपानी भाषांतही ए-ॲनसारखी आर्टिकल नाहीत, तिथले लोकही इथेच ठेचकाळतात. मुलाखतीपुरतं मी तिला ‘ॲन इंजिनिअर’, ‘ए डिप्लोमा’ असे जोडूनच म्हणायला लावले, जणू एकच शब्द.

पण तिचं खरं दुखणं व्याकरणाचं नव्हतं. बोलताना ती स्वतःवर पहारा ठेवत होती. स्टीफन क्रॅशन या अमेरिकी भाषातज्ज्ञांनी या पहारेकऱ्याला ‘मॉनिटर’ म्हटलं आहे. नियम आठवून वाक्य तपासायला सवड लागते. लिहिताना ती मिळते, बोलण्याच्या ओघात फारशी मिळत नाही. म्हणून आम्ही ठरवलं की बोलताना चुकलं तरी वाक्य पुरं करायचं. एखादा ॲन राहिला म्हणून समोरच्याचं काही अडत नाही.

घरी मोठा भाऊ प्रत्येक वाक्यात टोकायचा, तोही तिच्या काळजीपोटीच. त्याला बोलावून सांगितलं, “दादा, तिचं पूर्ण होऊ दे. चूक नंतर सांग, तीही एखादीच.” त्याने ऐकलं.

मुलाखतीत अडखळले, पण थांबले नाही, असं तिने येऊन सांगितलं. निकाल अजून यायचा आहे. आता इंग्रजी ईमेल ती आधी सलग लिहून काढते आणि पाठवण्यापूर्वी फक्त ए-ॲनसाठी पुन्हा वाचते.