तीन खोकी, एक प्रॅम आणि चौथा मजला

मुलुंडहून एका वाचक ताईंचं पत्र आलंय. मुलगी चौदा महिन्यांची. वर्षभरात तिच्या कपड्यांवर 22,000 रुपये गेले, प्रॅमवर 9,000. नणंदेकडून तिच्या मुलाचे कपडे आले, बारशाच्या भेटी आल्या, त्या वेगळ्या. आता हे सगळं तीन मोठ्या खोक्यांत भरून हॉलच्या कोपऱ्यात उभं आहे. त्या लिहितात, "विकून पंधराएक हजार येतील असं वाटतं. ह्यांचं म्हणणं, लगेच विकून टाक. सासूबाई म्हणतात, बाळाच्या अंगावरचे कपडे विकायचे नसतात. चौथ्या मजल्यावरच्या मैत्रिणीला सातवा लागलाय, तिच्याकडून पैसे घ्यावेत का? आणि दुसऱ्या मुलाचा विचार दोन-तीन वर्षांनी आहेच, मग ठेवूनच द्यावं का?" पत्राच्या शेवटी जाता जाता एक ओळ आहे : 420 चौरस फुटांचं घर अपुरं पडतंय, 28,000 भाड्याचं सोडून 38,000चं टू बीएचके बघतोय.

ताई, प्रश्न तुम्ही खोक्यांचा विचारलात, पण मी त्या शेवटच्या ओळीपासूनच सुरू करते. महिना 10,000 जास्त म्हणजे वर्षाला 1,20,000. वाढीव डिपॉझिट, दलाली, टेम्पो हे आणखी वर. तुमच्या सध्याच्या घराचं भाडं चौरस फुटामागे साधारण 67 रुपये पडतं. तीन खोकी आणि घडी घातलेली प्रॅम मिळून नऊएक चौरस फूट जागा अडवत असतील, तर त्या पसाऱ्याचं भाडं तुम्ही महिना 600 रुपये भरताय. कोपरा मोकळा केला म्हणून मालक 600 रुपये परत देणार नाही, हे मलाही कळतं. पण घर लहान झालंय की भरलंय, हे कोपरा मोकळा करून दोन महिने राहिल्याशिवाय समजत नाही. त्यातून मोठ्या जागेचा विचार वर्षभर पुढे गेला, तर वाचलेल्या सव्वा लाखापुढे कपडे कितीला गेले हा प्रश्न किरकोळ आहे. म्हणून माझं मत : ठेवू नका. जास्तीत जास्त भावाची वाटही बघू नका.

आता त्या पंधरा हजारांबद्दल. एवढे येणार नाहीत. 22,000 पैकी सात-आठ हजार तरी रोजची झबली, लंगोट, टोपडी, मोजे यांत गेले असतील. ते कोणी विकत घेत नाही, घेऊही नये. राहिलेल्या 15,000च्या मालाला, डाग नसेल आणि बटणं शाबूत असतील, तर चौथा हिस्सा धरा. म्हणजे 3,750. प्रॅमची चाकं नीट फिरत असतील तर 4,000 येतील. सगळे मिळून आठ हजारांच्या आत. हा माझा अंदाज आहे, शे-पाचशे इकडेतिकडे.

तुम्ही घरून हिशेब लिहिण्याचं काम करता आणि तासाला 250 मिळतात, असंही पत्रात आहे. साठ नग एकेक करून विकायला काढलेत तर फोटो, "लास्ट प्राइस काय?", "दोनशेला द्या ना", मग येतो म्हणून न येणारे, असा प्रत्येक नगाला अर्धा तास जातो. तीस तास, म्हणजे तुमचे 7,500 रुपये. आणि मिळणार 3,750! तेव्हा वयाप्रमाणे गठ्ठे करा : शून्य ते तीन महिने, तीन ते सहा, असे पाच-सहा. गठ्ठ्याला एकच किंमत. पहिल्या सहा महिन्यांत बाळाचं वजन जवळजवळ दुप्पट होतं, त्यामुळे लहान मापाचे कपडे हमखास कोरे राहतात. ते गठ्ठ्यात वर ठेवा.

दुसऱ्या बाळासाठी ठेवण्यात तोटा आहे तो मुंबईच्या हवेचा. दोन पावसाळे बंद खोक्यात काढले की इलॅस्टिक सैल पडतं, पांढरं पिवळं होतं, बुरशीचे ठिपके पडतात. आणि कृपा करून त्यात डांबराच्या गोळ्या टाकू नका. जी-सिक्स-पीडी नावाच्या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांमध्ये त्या गोळ्यांतल्या नॅप्थलीनमुळे रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, कावीळ वाढते. ती कमतरता आपल्या बाळाला आहे की नाही, हे बहुतेक घरांत माहीतच नसतं. विकताना किंवा देतानाही, गोळ्यांत ठेवलेला कपडा असेल तर तो नवजात बाळासाठी देऊच नका. एक कापडी पिशवी भरेल एवढंच ठेवा, कडुलिंबाचा वाळका पाला घालून.

आता खरा नाजूक भाग. विकण्याआधी कपडा कोणाचा, ते ठरवायचं. तुमच्या पैशाने घेतलेला तुमचा, तो खुशाल विका. नणंदेचे कपडे तुमचे नाहीत. तिने "दिले" म्हटलं असेल, पण त्यात "वापर आणि पुढे दे" असं न बोललेलं असतं. फोन करा : "ताई, तुमच्या पिशवीतले धुऊन ठेवलेत, परत पाठवू की पुढे कोणाला देऊ?" ती विका म्हणाली तरच विका. न विचारता विकलेला एखादा सदरा तिच्या जावेच्या मोबाइलवर दिसला, तर दोनशे रुपयांसाठी पुढची दहा वर्षं लग्नाकार्यात ऐकून घ्यावं लागेल. बारशाच्या भेटींचंही तेच. मामाने आणलेला न वापरलेला सेट पुढे भेट देता येतो, पण मामाच असलेल्या सोसायटीच्या ग्रुपवर 'कोरा, टॅगसह' म्हणून टाकता येत नाही.

चौथ्या मजल्यावरच्या मैत्रिणीकडून कपड्यांचे पैसे घेऊ नका. दयाबुद्धीने सांगत नाहीये. तिला विकलंत की फ्रॉकची शिवण उसवली तरी तुम्हालाच वाटत राहणार, लिफ्टमध्ये भेटलात की तिलाही वाटणार. शिवाय उद्या तिच्या बाळाचे कपडे तुमच्या दुसऱ्या बाळाकडे यायचे आहेत, आणि ही साठवणीची जागा फुकट आहे. फक्त तिला नकार द्यायची वाट ठेवा. पहिलटकरणीला सगळं नवं घ्यायची हौस असते, काही घरांत बाळ येण्याआधी कपडे आणतही नाहीत. "बाळ आल्यावर लागलं तर सांग, पिशवी तयार आहे" एवढं पुरे. प्रॅमची गोष्ट वेगळी. ती तिला हवी असेल तर स्वच्छ आकडा सांगा, बाहेर 4,000 म्हणणार असाल तर तिला 3,000, आणि "काय द्यायचं ते दे" असं चुकूनही म्हणू नका. त्या वाक्याने समोरचीला भाव ठरवायला बसवलं जातं आणि दोघींनाही तो चुकीचा वाटतो.

सासूबाईंशी वाद घालू नका. जुन्या कपड्यांवर भांडी घेताना माझ्या आईने बोहारणीशी तासतासभर घासाघीस केलेली मी पाहिली आहे, पण आमची झबली तिने त्या ढिगात कधी टाकली नाहीत. जुन्या साडीचं दुपटं शिवून बाळाला गुंडाळणारी आपली माणसं जुन्याला नाक मुरडत नाहीत, त्यांना अडतो तो विकण्याचा शब्द. कुंची, पहिलं झबलं, पहिलं दुपटं त्यांच्या हाती द्या, बाकीच्याबद्दल त्या बहुधा काही म्हणणार नाहीत.

काही गोष्टी कोणालाच विकू नका. बाटल्यांची बुचं, दूध काढायचा वापरलेला पंप. गाडीतली कार सीट अपघातातून गेली असेल तर तीही नाही. वॉकर असेल तर तो भंगारात जाऊ दे. कॅनडाने 2004 मध्ये त्याच्या विक्रीवर बंदी घातली, जुन्या वॉकरसकट.

व्यवहार सरळ ठेवा. डाग असेल तर डागाचा फोटो आधी. घ्यायला येणाऱ्याला घरी न बोलावता मुलुंड स्टेशनच्या तिकीट खिडकीपाशी भेटा, रिक्षाचे पैसे गठ्ठ्यातून जाऊ देऊ नका. समोरचा लष्करात आहे म्हणाला आणि "पैसे मिळवायला हा क्यूआर स्कॅन करा" म्हणाला, तर फोन ठेवा. यूपीआयवर पिन लागतो तो पैसे द्यायला, घ्यायला कधीच नाही. टॅक्सची काळजी नको : स्वतःच्या वापरातले कपडे आयकर कायद्यात भांडवली मालमत्ता धरत नाहीत. वाळे, सोन्याची चेन मात्र दागिने आहेत, ती सूट त्यांना नाही.

हाती आलेल्या सात-साडेसात हजारांतून मुलीचं सुकन्या समृद्धी खातं उघडून टाका, वर्षाला किमान 250 रुपये लागतात. आणि पुढच्या वर्षाचे कपडे तुम्हीही असेच गठ्ठ्याने घ्या. 22,000 खर्चून चौथा हिस्सा परत मिळवण्यापेक्षा मुळात चौथ्या हिश्शात घेणं सोपं.

एक अपवाद. बोरन्हाणाचा काळा फ्रॉक एकदाच घातलेला असणार. हलव्याच्या दागिन्यांचा चिकटपणा कोमट पाण्याने काढा, पण आत्ता पावसाळ्याच्या तोंडावर तो विकायला काढू नका, कोणी शंभरही देणार नाही. डिसेंबरचा शेवटचा आठवडा लागला की टाका. संक्रांतीपर्यंत तीन जणी मागतील.