ठेव मोडू की कर्ज काढू? आधी दुखते कुठे ते शोधा

वाचकाचे पत्र : आमचा चार वर्षांचा, 41 किलो वजनाचा कुत्रा गेले सात महिने पुढच्या उजव्या पायाने लंगडतो आहे. खांद्याचा एक्स-रे दोनदा काढला, पण काही आढळले नाही. वेदनाशामक गोळ्या चालू असेपर्यंत बरे वाटते, बंद केल्या की लंगडणे पुन्हा सुरू होते. आता एमआरआय करायचे ठरवले आहे. त्यासाठी मुदत ठेव मोडावी की 16 टक्के व्याजाने दोन वर्षांचे व्यक्तिगत कर्ज काढावे? घाई नाही, कारण तीन महिन्यांपूर्वी कुत्र्याचा विमा उतरवला आहे. सहा महिन्यांचा प्रतीक्षा कालावधी संपला की 80 टक्के खर्च परत मिळेल, असे प्रतिनिधीने सांगितले आहे. अर्जही त्यानेच भरला असून आधीच्या आजाराच्या रकान्यात ‘नाही’ लिहिले आहे, त्यामुळे अडचण येणार नाही.

उत्तर : तुमची ओळख उघड होऊ नये आणि हिशेबही सुटसुटीत राहावा, म्हणून तुमचे महिन्याला हातात येणारे उत्पन्न 100 मानतो आणि तुम्ही कळवलेले बाकीचे आकडे त्याच प्रमाणात मांडतो. घरखर्च 85, शिल्लक 15, मुदत ठेव 180 आणि एमआरआय 90. कर्ज काढल्यास महिन्याला साधारण 4.4 हप्ता बसेल आणि दोन वर्षांत सुमारे 16 व्याज जाईल. ठेवीतून 90 काढून तेवढाच हप्ता स्वतःच्या खात्यात परत भरत राहिलात, तर 7 टक्के दराने बुडणारे व्याज आणि मुदतीपूर्वी मोडल्याचा दंड मिळून 8 च्या आसपास होतात. तेव्हा कर्जापेक्षा ठेव मोडणे स्वस्त. तुमचा प्रश्न येथे संपतो, परंतु तुमच्या पत्रातली खरी चूक ‘घाई नाही’ या दोन शब्दांत आहे.

विम्याचे पैसे मिळतील या आशेने तुम्ही आजाराचे निदान आणखी तीन महिने पुढे ढकलत आहात, आणि ते पैसे मिळणार नाहीत. प्राण्यांच्या विम्यात पॉलिसीपूर्वी लक्षणे दिसलेला आजार सर्रास वगळलेला असतो. त्याला नाव मिळाले होते की नाही, याने फरक पडत नाही. दावा आला की कंपनी दवाखान्यातील जुने कागद मागवते, आणि तुमच्या केसपेपरवर विम्याच्या चार महिने आधीपासून ‘पुढचा उजवा पाय, लंगडणे’ अशी नोंद आहे. प्रतीक्षा कालावधी नव्या आजारासाठी असतो; तो संपला म्हणून जुना आजार नवा ठरत नाही. अर्ज प्रतिनिधीने भरला असला तरी सही तुमची आहे, आणि खोट्या माहितीच्या आधारावर पूर्ण पॉलिसीच रद्द होऊ शकते, म्हणजे उद्या पोटाचा किंवा डोळ्याचा खरोखर नवा आजार उद्भवला तरी तुमचा हात रिकामाच राहील. ग्राहकाच्या जनावराला नीट चालता येत नाही हे दिसत असताना ज्याने त्या रकान्यात ‘नाही’ लिहिले, त्याने तुमची अडचण सोडवली नाही, स्वतःचे कमिशन सोडवले.

आणखी एक कलम वाचा. बहुतेकांचे त्याकडे लक्ष जात नाही. अनेक पॉलिसींमध्ये एका बाजूच्या सांध्याचा विकार आधीचा ठरला, की दुसऱ्या बाजूचा तोच सांधाही वगळला जातो. कोपराचे वाढीच्या वयातले दोष (कोपराचा संशय का, ते पुढे सांगतो) पुष्कळदा दोन्ही पायांत असतात, त्यामुळे हे कलम तुम्हाला नेमके लागू पडण्याची शक्यता आहे. विम्याच्या हप्त्यापोटी महिन्याला 5 याप्रमाणे 15 भरून झाले आहेत आणि आणखी 15 भरणार आहात. ज्या 72 च्या (एमआरआयच्या 90 चे 80 टक्के) भरवशावर हे चालले आहे, ते मी हिशेबात शून्य धरतो.

आता निदानाविषयी. मी पशुवैद्य नाही, परंतु कोणत्या तपासणीवर आधी पैसे घालावेत हा पैशाचाही प्रश्न आहे. सात महिन्यांत भेटी, एक्स-रे आणि गोळ्यांवर 40, सांध्यांच्या पूरक पावडरीवर 28 आणि विम्यावर 15 गेले. हे 83 म्हणजे जवळजवळ एका एमआरआयची किंमत, आणि तरीही दुखते कुठे, हे अजून कोणी सांगितलेले नाही. खांदा निर्दोष दिसल्यावर पुन्हा खांद्याचाच एक्स-रे का काढला, हे मला तुमच्या पत्रावरून उमगलेले नाही. मोठ्या जातीच्या कुत्र्यांत पुढचा पाय लंगडण्याचे एक नेहमीचे कारण कोपरात असते. तेथील हाडाच्या आतल्या कडेचा लहानसा तुकडा भंगतो, आणि तो साध्या एक्स-रेत बऱ्याचदा दिसत नाही. त्यासाठी सीटी स्कॅन अधिक उपयोगी ठरतो. खांद्यासमोरची, स्नायूला हाडाशी जोडणारी कंडरा दुखावली असेल तर सोनोग्राफी उपयोगी पडते. मानेतून पायाकडे जाणाऱ्या मज्जातंतूवर दाब किंवा गाठ असेल, तर मात्र एमआरआयला पर्याय नाही. कधी कधी बोटांच्या बेचक्यात रुतलेले कुसळही पुरते. जागा ठरलेली नसताना एमआरआय काढणे म्हणजे 90 चा नेम अंधारात मारणे होय, कारण मान तपासली आणि दोष कोपरात निघाला, तर पैसे गेले आणि प्रश्न तसाच राहिला.

तुम्ही जोडलेल्या दरपत्रकात अस्थिविकारांच्या तज्ज्ञ पशुवैद्याची तपासणी 3, गुंगीचे औषध देऊन दोन्ही पायांचे खांद्यापासून पंजापर्यंतचे एक्स-रे 9 आणि सीटी स्कॅन 55 असे आकडे आहेत. पहिल्या टप्प्याचे 12 तुमच्या एका महिन्याच्या शिल्लकीत बसतात. त्यासाठी ना कर्ज लागते ना ठेव मोडावी लागते. तज्ज्ञ कुत्र्याला चालवून पाहतो, एकेक सांधा वाकवून आणि ताणून दुखरी जागा शोधतो, दोन्ही पायांच्या स्नायूंची जाडी ताडून पाहतो. घरी कुत्रा झोपेतून उठल्यावरची पहिली पावले समोरून आणि बाजूने चित्रित करून ठेवा, कारण दवाखान्यात घाबरलेला कुत्रा लंगडणे लपवतो. दुखरा पाय टेकताना डोके वर जाते आणि चांगला पाय टेकताना खाली येते, हे चित्रणात स्पष्ट दिसते. तपासणीपूर्वी वेदनाशामक किती दिवस थांबवावे, हे तुमच्या पशुवैद्याला विचारा. गोळीच्या अमलाखाली दुखरी जागा हाताला लागत नाही.

तीन महिने थांबू नये याचे एक गंभीर कारणही आहे. मोठ्या कुत्र्यांत हाडाचा कर्करोग मनगटाच्या किंचित वर किंवा खांद्याजवळ आढळतो. चार वर्षांचे वय आणि सात महिने संथपणे चाललेले दुखणे पाहता त्याची शक्यता कमी वाटते. तथापि तुमच्या दोन्ही एक्स-रेंत मनगट नव्हते, तेव्हा ती फेटाळण्याचा आधारही तुमच्याकडे नाही.

पावडर आजपासून बंद केली तरी चालेल. अशा पूरकांचा उपयोग होतो याचा पुरावा दुबळा आहे, आणि सात महिन्यांत तुम्हाला तसा अनुभव आलेलाही नाही. केसपेपरवर अपेक्षित वजन 34 किलो लिहिले आहे, म्हणजे तुमचा कुत्रा 7 किलोंनी, पाचव्या हिश्शाने जड आहे, आणि उभ्या कुत्र्याचा साधारण 60 टक्के भार पुढच्या पायांवर असतो. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 48 लॅब्रेडॉर कुत्र्यांच्या अभ्यासात, आपल्या जोडीतल्या दुसऱ्या कुत्र्यापेक्षा 25 टक्के कमी खाणे मिळालेल्या कुत्र्यांचे मध्यक आयुष्य (ज्या वयापलीकडे निम्मे कुत्रे जगले ते) 11.2 वरून 13 वर्षांवर गेले आणि त्यांना सांधेदुखीही उशिरा जडली. कारण कोणतेही निघो, वजन उतरवावे लागेलच, आणि या पूर्ण यादीत पैसे न लागणारा उपाय तेवढाच आहे.

पहिल्या टप्प्यानंतर सीटी सुचवला गेला, तर 55 ठेवीतून काढा. परंतु आधी तज्ज्ञाला स्पष्ट विचारा की अहवाल असा आला तर काय करणार आणि तसा आला तर काय करणार. दोन्ही उत्तरे ‘वजन उतरवा, गोळ्या द्या’ अशीच असतील, तर तो स्कॅन विकत घेऊ नका. शस्त्रक्रियेचा खर्च तुमच्या पत्रात कोठेच नाही, आणि 180 ची ठेव म्हणजे तुमच्या घराचे जेमतेम दोन महिने. म्हणून स्कॅन आणि उपचार मिळून ठेवीतून जास्तीत जास्त 90 काढायचे, ही मर्यादा घरात सर्वांनी मिळून आजच ठरवा.

विमा कंपनीला स्वतःच्या सहीने पत्र लिहा. लंगडणे केव्हा सुरू झाले ते सांगा, अर्जातील उत्तर दुरुस्त करा आणि यापुढे नेमके काय वगळले जाईल हे लेखी मागवा. पुढचे दोन्ही पाय वगळून उरलेल्या संरक्षणासाठी महिन्याला 5 द्यायचे की नाही, हे ते उत्तर हातात आल्यावर ठरवता येईल. तपासणीची वेळ मात्र त्या उत्तरासाठी अडवू नका, ती याच आठवड्यात घ्या.