पंचवीस पाहुणे पहाटे येणार, नाश्ता आदल्या रात्री काय करून ठेवू?

तुमचा प्रश्न असा: मे महिन्यात भावाचं लग्न आहे. साताऱ्या-कोल्हापूरकडची पंचवीसेक माणसं रात्रीच्या बसने निघून पहाटे पाचच्या सुमारास नेरूळला उतरणार, तुमच्या दोन बेडरूमच्या घरी येणार. सगळी सकाळ ओट्यापाशी काढायची नाही. व्हिडिओत पाहिलेला अमेरिकन ब्रेकफास्ट कॅसरोल आपल्याकडे जमेल का, आणि निम्मी माणसं अंडं खात नाहीत त्यांचं काय?

मी सानपाड्याला राहतो, आमचं गाव कराडजवळ. आमच्याकडेही माणसं अशीच बसने, अशीच पहाटे येतात. कॅसरोल जमतो, मी गेली काही वर्षं करतोय. पण नुसत्या कॅसरोलवर पंचवीस माणसं निभावणार नाहीत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. आपल्याकडे कॅसरोल म्हटलं की पोळ्या गरम ठेवायचा डबा. तिकडे कॅसरोल म्हणजे खोलगट भांडं आणि त्यातच ओव्हनमध्ये भाजलेला पदार्थसुद्धा. न्याहारीच्या प्रकारात शिळा ब्रेड, अंडी, दूध आणि चीज असतं. ब्रेडचे थर लावून केलेल्याला स्ट्राटा म्हणतात, स्ट्राटा म्हणजेच थर. रात्री भिजवून फ्रिजमध्ये ठेवायचं, सकाळी भाजायचं. ख्रिसमसच्या सकाळी घर माणसांनी भरलेलं असतं, तेव्हा तिकडे हा पदार्थ हमखास होतो. त्यांची अडचण आणि तुमची अडचण एकच आहे.

मी याकडे वळलो ते आईमुळे. पाहुणे आले की पोहे, हा आमचा शिरस्ता. पंचवीस माणसांना पावणेदोन-दोन किलो पोहे लागतात. ते एका कढईत होत नाहीत, आणि केलेले अर्ध्या तासात कोरडे पडतात. म्हणून आई चार-चार जणांचे पोहे परतत उभी राहायची. एकदा तिची थोरली बहीण चार वर्षांनी आमच्याकडे आली होती. आई ओट्यापासून मोकळी होऊन हात पुसत बाहेर आली तोवर साडेदहा वाजले होते आणि मावशी प्रवासाच्या शिणाने झोपून गेली होती. आई तिच्या उशाशी नुसती बसून राहिली. तेव्हा मी ठरवलं की या घरात पाहुण्यांच्या सकाळी कुणी ओट्याला बांधलेलं नसेल.

त्यासाठी पदार्थ निवडतानाच एक गोष्ट बघायची: रात्र उलटली की हा सुधारतो की बिघडतो? पोहे, उपमा, सांजा बिघडतात. भिजून किंवा आंबून होणारे पदार्थ सुधारतात. पावाचा कॅसरोल भिजून होतो, डाळ-तांदळाचा हांडवा आंबून होतो, आणि कोकणातलं काकडीचं गोड धोंडस तर दुसऱ्या दिवशी खाल्लेलंच चांगलं. मी हे तीनच करतो.

अंड्याचा बेत करण्याआधी वार बघा. सोमवार, गुरुवार, शनिवार कोण कोण पाळतं ते फोनवरच विचारून घ्या. आमच्याकडे एकदा दोन ट्रे केले आणि नेमका गुरुवार निघाला, पाच जणांनीच खाल्लं.

आता माप. परदेशी कृतींत तेवीस बाय तेहेतीस सेंटिमीटरचा म्हणजे नऊ बाय तेरा इंचाचा ट्रे सांगतात. घरगुती ओटीजीत, म्हणजे विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये, तो बहुधा मावतच नाही. आठ इंची चौकोनी दोन टिन घ्या, मिळून जवळजवळ तेवढंच माप होतं. एका टिनला लादीतले सहा पाव, सहा अंडी, साधारण ३५० मिली दूध आणि सहा क्यूब चीज. शिवाय एक मोठा कांदा, एक ढोबळी मिरची, दोन-तीन हिरव्या मिरच्या, मूठभर कोथिंबीर आणि भरपूर मिरपूड. कोथिंबीर आणि मिरपूड सढळ हाताने घातली की अंड्याचा उग्रपणा राहत नाही. मीठ मात्र बेतानं, चीज आधीच खारट असतं. एका टिनच्या नऊ वड्या पडतात. सोबत बाकीचे पदार्थ असले की दोन टिन बारा-चौदा जणांना पुरतात.

पाव ताजा नको. पहिल्यांदा मी बेकरीतून गरम पाव आणून तसाच घातला, सकाळी त्याचा शिऱ्यासारखा गोळा झाला होता. आदल्या दिवशीचा पाव घ्या, हातानं मोठे तुकडे करा आणि ताटात दोन तास उघडे ठेवा. पावसाळ्यात ते वाळत नाहीत, तेव्हा ओटीजीत दहा मिनिटं मंद आचेवर कोरडे करा. पावाचा पृष्ठभाग कोरडा असला की तो दूध-अंडं शोषतो आणि तरी तुकडा तुकडा वेगळा राहतो. कांदा-मिरची परतून पूर्ण गार झाल्यावर घाला. मशरूम किंवा पालक घालणार असाल तर परतून पाणी आटवा. टोमॅटो आत घालू नका, त्याचं पाणी सुटून मधला भाग कच्चा राहतो. चिकन सॉसेज घालायचे असतील तर ते आधी नीट शिजवून घ्या.

टिनला बटर लावा, पावाचे तुकडे, त्यावर भाजी आणि निम्मं चीज, पुन्हा पाव, मग फेटलेलं दूध-अंडं सगळीकडून हळूहळू ओता. पळीच्या पाठीनं वरचे तुकडे दाबा. पाव आधी तरंगतो, मग दूध आत जायला लागलं की खाली बसतो. झाकून फ्रिजमध्ये. सकाळी काढाल तेव्हा कडेला दूध दिसत नाही, पाव फुगून टिनभर पसरलेला असतो आणि बोटानं दाबला की ओल्या स्पंजासारखा परत वर येतो. असं दिसलं की समजा जमलंय. तळाशी दूध साचलेलं दिसलं तर आणखी एक पाव कुस्करून कडेनं खोचा.

भाजायला १८० अंश, खालच्या-वरच्या दोन्ही कांड्या चालू. पहिली पंचवीस मिनिटं फॉइल झाकून, मग ती काढून उरलेलं चीज घाला आणि आणखी पंधरा-वीस मिनिटं ठेवा. मधोमध सुरी खुपसून बघा, कोरडी निघाली पाहिजे आणि दाबल्यावर दूध वर येता कामा नये. तापमापक असेल तर मध्यभागी किमान ७१ अंश. बाहेर काढल्यावर दहा मिनिटं हात लावू नका, नाहीतर वड्या मोडतात.

भांडं धातूचंच घ्या. माझं काचेचं भांडं मी फ्रिजमधून काढून थेट तापलेल्या ओव्हनमध्ये ठेवलं होतं. दोन मिनिटांत तडकलं, सगळा ऐवज काचेसकट टाकावा लागला आणि पाहुणे बाहेर बसलेले. गार काच एकदम तापली की एक भाग प्रसरण पावतो आणि दुसरा तसाच राहतो, म्हणून ती फुटते. काचेचंच असेल तर अर्धा तास आधी बाहेर काढा.

ओव्हन नसला तरी अडत नाही. जाड बुडाच्या मोठ्या कढईत स्टँड ठेवून, वर घट्ट झाकण ठेवून मंद आचेवर होतं, वेळ थोडा जास्त लागतो आणि वरून तांबूस होत नाही. वड्या पाडून तव्यावर बटरवर दोन्ही बाजूंनी शेका. मला स्वतःला तर हेच जास्त आवडतं.

एक गोष्ट कळकळीनं सांगतो. मे महिन्यात आपल्याकडे अंड्या-दुधाचं मिश्रण ओट्यावर राहू देऊ नका. कच्चं असो की शिजलेलं, दोन तासांच्या वर बाहेर नको, आणि हवा ३२ अंशांच्या वर गेली असेल तर एक तासच. लग्नाच्या घरात पंचवीस माणसांची पोटं बिघडली तर काय होईल याचा विचार करा. फ्रिजमध्ये जागा आधीच करून ठेवा. पाण्याच्या बाटल्या बाहेर काढा, दोन दिवस माठ वापरा. टिनवर उलटी थाळी ठेवून दुसरा टिन चढवता येतो.

शाकाहारी माणसांसाठी हांडवा. हा मूळ गुजराती पदार्थ, आणि माझ्या मते अंड्याच्या कॅसरोलच्या तोडीचा नाही, त्याहून सरस आहे. दोन टिनना तीन वाट्या तांदूळ, एक वाटी हरभरा डाळ, अर्धी वाटी तूर डाळ, पाव वाटी उडीद डाळ. हे एक रात्र आधी भिजवा, सकाळी आंबट दही घालून जरा रवाळ वाटा आणि झाकून ठेवा. आपल्या उन्हाळ्यात सहा-सात तासांत आंबतं. मग त्यात किसून पिळलेला दुधी, आलं-मिरची, हळद, मीठ, थोडा गूळ. सोडा अगदी टिनमध्ये ओतण्याच्या क्षणी घाला. वरून मोहरी, हिंग आणि भरपूर तिळाची फोडणी. १८० अंशांवर पाऊण तास. हा संध्याकाळीच भाजून टाका. एक तर सकाळी ओटीजी मोकळा राहतो, आणि दुसरं म्हणजे घरातल्या वडीलधाऱ्यांना सांगता येतं की ओव्हनमध्ये अंडं जायच्या आधी हा झालाय. आमच्या आजेसासूबाई त्याशिवाय खाल्ल्या नसत्या, आणि त्यांचं ते म्हणणं मला रास्त वाटतं. टिन, सुरी, उलथनं सगळं वेगळं ठेवा. गार झाला की वड्या पाडून स्टीलच्या डब्यात, फ्रिजमध्ये. सकाळी तव्यावर थोडं तेल सोडून तिळाची बाजू खाली ठेवून शेकल्या की पापुद्रा पुन्हा कुरकुरीत होतो.

गोडाला धोंडस, काही घरांत याला तवसळी म्हणतात. माझी बायको कुडाळची, तिच्याकडून शिकलो. तवसं म्हणजे मोठी पिकलेली काकडी, ती पावसाळ्यानंतर मिळते. मे महिन्यात साधी काकडी चालते. दोन वाट्या तांदळाचा रवा तुपावर खमंग भाजायचा, दोन वाट्या किसलेली काकडी तिच्या पाण्यासकट, सव्वा वाटी गूळ, अर्धी वाटी ओलं खोबरं, वेलची, चिमूटभर मीठ. सगळं शिजवून घट्ट करायचं, मग तूप लावलेल्या टिनमध्ये थापून भाजायचं. पूर्वी पातेल्याच्या खाली आणि झाकणावरही निखारे ठेवून करायचे. वरखाली आच देऊन भांड्यातच भाजायचं तंत्र आपल्या स्वयंपाकघरात होतंच की! पंचवीस जणांना माप दुप्पट करा. ओल्या खोबऱ्यामुळे रात्री फ्रिजमध्ये ठेवा आणि पहाटे दार उघडायला उठाल तेव्हा बाहेर काढा.

चटणीत नारळाची नको, उन्हाळ्यात ती टिकत नाही. शेंगदाण्याची सुकी चटणी ठेवा. कोल्हापूरची मंडळी कांदा-लसूण चटणी स्वतःच घेऊन येतील.

सकाळचं गणित सोपं आहे. बसमधून उतरलेल्या माणसाला लगेच नाश्ता नको असतो, त्याला चहा, बाथरूम आणि पाठ टेकायला जागा हवी असते. पाच वाजता चहा आणि खारी. सव्वासहाला पहिला टिन आत, सात वाजता दुसरा. घरात बाथरूम दोनच असणार, म्हणजे माणसं आंघोळ करून टप्प्याटप्प्यानंच बाहेर येतात. पहिले दहा जण तयार होतात तेव्हा पहिला टिन कापायला आलेला असतो, उरलेल्यांच्या वेळेला दुसरा. ओटीजीत एका वेळी एकच टिन मावतो, पण त्यानं काही बिघडत नाही. तवा एकाच्या हाती द्या, हांडव्याच्या वड्या शेकायला कुणीही पुढे येतं, आमच्याकडे हे काम बारावीतल्या पुतण्यानं केलं होतं. आई तेवढा वेळ हॉलमध्ये मावशीशेजारी ताटली घेऊन बसली होती, आणि दोघींनी धोंडसाची तिसरी वडी अर्धी-अर्धी केली.

एक टिन हांडवा जास्तीचा करायला हरकत नाही. लग्नाच्या हॉलवर सामान पोचवायला जी माणसं लवकर निघतात त्यांच्यासोबत डबा देता येतो, आणि हांडवा गारही चांगला लागतो. अंड्याचा टिन मात्र मोजूनच करा, तो उरवू नका.