जीवशास्त्रासाठी पुण्याचं आयसर की बंगळुरूची आयआयएससी?

तू लिहिलं आहेस की आयसर (भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था) आणि आयआयएससी (भारतीय विज्ञान संस्था), दोन्हीकडे प्रवेश मिळतोय, जीवशास्त्रच करायचंय, घर कोथरूडला. आई-बाबा म्हणतात पुण्यातच मिळतंय तर लांब कशाला, आणि मामा म्हणतात आयआयएससी सोडणं हा शुद्ध वेडेपणा. 2012 साली आमच्या घरात हाच वाद झाला होता. फरक एवढाच की मामांच्या जागी काका होते.

काका सीओईपीचे, म्हणजे पुण्याच्या जुन्या इंजिनिअरिंग कॉलेजचे. शिक्षणाचा कुठलाही निर्णय त्यांना विचारल्याशिवाय आमच्याकडे होत नसे. मी आयसर म्हटल्यावर ते म्हणाले, "1909 ची संस्था सोडून कालपरवा निघालेल्या ठिकाणी जाणार? तुला घर सोडवत नाहीये, दुसरं काही नाही." बाबा गप्प बसले. आई म्हणाली, "बरंय की, डोळ्यांसमोर राहील." मला दोघांचाही राग आला. एक माझ्या विरोधात आणि एक माझ्या बाजूने, पण मी अभ्यासक्रम वाचून निर्णय घेतला असेल हे दोघांच्याही मनात आलं नाही.

1909 चा मुद्दा आधी निकालात काढते, कारण तुझे मामाही तोच काढतील. आयआयएससी 1909 ची आहे, पण तिथला बारावीनंतरचा चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम 2011 साली सुरू झाला. तोपर्यंत ती पदव्युत्तर आणि पीएचडीच्या विद्यार्थ्यांची संस्था होती. पुण्याचं आयसर 2006 साली निघालं ते मुळात बारावी झालेल्या मुलांसाठीच. म्हणजे तू ज्या वर्गात बसणार आहेस तो वर्ग पुण्यात जुना आहे, बंगळुरूला नवा. हे मी काकांना तेव्हाही सांगितलं होतं. त्यांनी विषय बदलला.

माझं खरं कारण पाचवं वर्ष होतं. आयसरच्या बीएस-एमएसमध्ये, म्हणजे पाच वर्षांच्या सलग पदवी-पदव्युत्तर अभ्यासक्रमात, पहिली दोन वर्षं सगळ्यांना सगळं: गणित, भौतिक, रसायन, जीवशास्त्र. पुढे कोर्स आपण निवडायचे, आणि पाचवं वर्ष प्रबंधाचं. तो प्रबंध दुसऱ्या संस्थेत जाऊनही करता येतो. मी तो बंगळुरूला केला, आयआयएससीच्याच परिसरविज्ञान केंद्रात. 1983 साली ते केंद्र माधव गाडगीळांनी उभं केलं, आणि गाडगीळ बीएस्सी झाले आपल्या फर्ग्युसनमधून.

तिथे मी गांधीलमाश्या पाहिल्या. रोपालिडिया मार्जिनाटा ही ती जात, खिडकीच्या गजांना, गॅलरीच्या छताला कागदासारखं पोळं करणारी. राघवेंद्र गदगकरांनी त्याच केंद्रात वर्षानुवर्षं तिच्यावर काम केलंय. प्रत्येक माशीच्या पाठीवर रंगाचे बारीक ठिपके द्यायचे, म्हणजे कोण कोण ते ओळखता येतं, आणि मग वही घेऊन पोळ्यासमोर बसायचं. या जातीत राणी अगदी शांत असते, कुणावर दादागिरी करत नाही. पण तिला पोळ्यावरून काढलं की कामकरी माद्यांपैकी एक एकाएकी आक्रमक होते आणि काही दिवसांत अंडी घालायला लागते. ती कोण असणार हे राणी असेपर्यंत बघणाऱ्याला सांगता येत नाही. पोळ्यावरच्या माश्यांना मात्र ते ठाऊक असावं असं प्रयोग सांगतात. मी तासन् तास नोंदी करत बसायचे. आजही कुठे पोळं दिसलं तर माझा पाय तिथून निघत नाही.

त्याच वर्षी काका ऑफिसच्या कामासाठी बंगळुरूला आले आणि मला भेटायला कॅम्पसवर आले. मी त्यांना पोळं दाखवलं, ठिपके दाखवले, वह्या दाखवल्या. त्यांनी मन लावून बघितलं. मग म्हणाले, "शेवटी आलीस ना इथेच? पहिल्यापासून आली असतीस तर?" मी तेव्हा उत्तर दिलं नाही, ते आता देते. पहिल्यापासून आले असते तर मी गांधीलमाश्यांकडे वळले असते की नाही, हेच मला माहीत नाही. पाषाणला, आयसरमध्ये असताना वेताळ टेकडी चालत जाण्याइतकी जवळ होती, आघारकर संशोधन संस्था सायकलवर, पेशींवर संशोधन करणारी एनसीसीएस पुणे विद्यापीठाच्या आवारात. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी पेशी बघून आले, वनस्पती बघून आले, आणि मला अख्खा, जिवंत, हलणारा प्राणीच बघायचाय हे त्यातून कळलं. दोन्ही संस्था मिळाल्या, आणि काय बघायचं ते ठरवून बंगळुरूला गेले.

गणिताचं कुणी विचारत नाही, म्हणून मीच सांगते. अकरावीत आमच्या एक बाई म्हणाल्या होत्या, बायोलॉजी घेतेयस ना, मग मॅथ्स सोड आणि जिऑग्राफी घे, मार्क वाढतील. मी सोडलं नाही. ज्यांनी सोडलं होतं त्यांचे पहिल्या सत्रात फार हाल झाले. आयआयएससीतही सुरुवातीची तीन सत्रं गणित आणि भौतिकासकट सगळं करावंच लागतं, तेव्हा गणित टाळण्यासाठी यातली एकही निवडू नकोस. माश्यांच्या नोंदींतून अर्थ काढतानाही मला संख्याशास्त्रच लागलं.

प्रथिनांची रचना, जैवभौतिकी यात तुझं मन आत्तापासूनच पक्कं असेल तर सरळ बंगळुरूला जा. जी. एन. रामचंद्रन यांनी उभं केलेलं मॉलिक्युलर बायोफिजिक्स युनिट तिथे आहे, एनसीबीएस ही जीवशास्त्राची संशोधन संस्थाही त्याच शहरात आहे. पदवी चार वर्षांत हातात येते, हेही खरं. अजून काही ठरलं नसेल तर पुणे.

हे सगळं माझ्या बॅचचं, 2012 ते 2017 चं. आत्ताची सत्रांची रचना, फी, शिष्यवृत्ती दोन्हीकडच्या माहितीपत्रकात नीट वाच. मला इन्स्पायर या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीचे वर्षाला 80,000 रुपये होते, त्यामुळे घरी पैशाचा वाद झाला नाही. तुमच्याकडे तो असेल तर तोही धरायला हवा.

आणि पुणे घेतलंस तरी कोथरूडहून ये-जा करू नकोस, हॉस्टेलवरच राहा. आईला वाईट वाटेल, पण शनिवारी जेवायला गेलं की भागतं.