फोन लावल्याशिवाय घास उतरत नाही

प्रश्न: ताई, मी डोंबिवलीला राहते, सकाळी लोकल पकडते ती घरी यायला साडेसात होतात. मुलगा ४ वर्षांचा आहे, दिवसभर सासूबाईंजवळ असतो. मोबाइल लावल्याशिवाय एक घास खात नाही, काढून घेतला तर ताट ढकलतो, जमिनीवर लोळतो. दिवसाचे तीन-चार तास तर सहज होतात. सासूबाईंना बोलले तर म्हणाल्या, मग तूच राहा घरी. नवरा म्हणतो, मोठा झाला की आपोआप सुटेल. मी काय करू?

उत्तर: अगं, "मग तूच राहा घरी" हे तुला किती लागलं असेल ते कळतंय मला. पण त्या वाक्यात सासूबाईंचं दुखणंपण आहे बघ. दिवसभर ४ वर्षांच्या पोरामागे धावायचं, वर स्वयंपाक, दुपारी पाठ टेकावी तर हा अंगावर उड्या मारणार, त्यांना तो फोन म्हणजे अर्धा तास श्वास घ्यायला मिळतो. म्हणून फोन बंद करा असं सांगत जाऊ नकोस, आधी विचार की आई, तुम्हाला सगळ्यात जड कुठली वेळ जाते, आणि तीच वेळ त्याच्या टीव्हीसाठी ठेव.

म्हणजे टीव्ही पूर्ण बंद नाही करायचा. २ ते ५ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास, असं आपल्याकडचे बालरोगतज्ज्ञ सांगतात आणि जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये तेच सांगितलंय. त्या तासाचे दोन भाग कर, एक आजींच्या आरामाचा, एक संध्याकाळच्या स्वयंपाकाचा. फोन हातात देण्यापेक्षा टीव्हीवर लाव, लांबून बघेल आणि काय चाललंय ते आजींनापण दिसेल. यूट्यूबचं ऑटोप्ले आजच बंद कर, कारण एक संपायच्या आत दुसरं सुरू होतं आणि ते पोर तरी थांबणार कुठे? ४ वर्षांच्या मुलाला "दहा मिनिटं" म्हणजे किती ते कळत नाही, त्यामुळे "हे गाणं झालं की बंद" असं आधीच सांगायचं आणि रिमोटचं बटण त्यालाच दाबायला द्यायचं. मध्येच खस्सकन बंद केलं तर भोकाड पसरणारच.

आता जेवणाचं, मला खरी काळजी त्याची वाटते. फोन बघत जेवणारं मूल नीट बघ एकदा, डोळे स्क्रीनवर, चमचा आला की तोंड उघडतं, वरणभात आहे की खिचडी त्याला पत्ता नसतो, कधीकधी घास तसाच गालात राहतो. भूक लागली, पोट भरलं, हे त्याचं त्याला कळायचंच थांबतं. म्हणून पहिली मर्यादा ताटापाशी घाल, बाकीच्या वेळेचं नंतर बघू.

सुरुवात शनिवारी कर, तू घरी असताना, ते रडणं आजींच्या गळ्यात नको. सगळे एकत्र जेवायला बसा, सगळ्यांचे फोन फ्रिजवर, नवऱ्याचापण, आणि हे त्याला स्पष्ट सांग कारण बाबा फोन बघत जेवत असेल तर मुलगा कुणाचं ऐकणार? त्याच्या हातात तूप-साखरेची पोळी गुंडाळून दे, सांडू दे, माखू दे. पहिले तीन-चार दिवस तो दोनच घास खाईल, ताट ढकलेल. ढकललं तर शांतपणे उचलायचं, मागे वाटी घेऊन फिरायचं नाही, आणि पुढच्या खाण्यापर्यंत बिस्किटं-वेफर्सपण नाहीत. एरवी तब्येत ठणठणीत असलेलं पोर भूक लागली की खातंच. वजन आधीच कमी असेल, किंवा हाक मारल्यावर बघत नसेल, वयाच्या मानाने बोलत नसेल तर मात्र थांबू नकोस, बालरोगतज्ज्ञांना दाखव.

झोपायच्या आधी तासभर स्क्रीन नको. त्या वेळेला तू घरी असतेस, दमलेली असतेस हे माहितीये मला, पण दहा मिनिटं चिऊ-काऊची गोष्ट सांगितलीस तरी चालेल, झोपून सांग हवं तर. आणि मामाशी व्हिडिओ कॉल केला तर तो वेळ मोजत बसू नकोस, ते माणसाशी बोलणं आहे.

नवऱ्याला म्हणावं, आपोआप काही सुटत नाही, रविवारी सकाळी दोन तास बापलेकांनी बागेत जायचं, म्हणजे आजींनापण घर शांत मिळेल.

पंधरा दिवसांनी लिही मला. तो किती जेवला ते नंतर सांग, आधी आजी काय म्हणाल्या ते सांग.