पाय उडला, मग चालणार न्हवं?

"मॅडम, काल चादर ओढली तसा ह्यांचा पाय उडला की! आता चालतील न्हवं?"

खानापूर तालुक्यातली बाई. नवरा मे महिन्यात फणसाच्या झाडावरून पडला, छातीच्या खालच्या अंगाचा मणका मोडला. कमरेखाली ना हालचाल, ना जाणीव. ऑपरेशनला दोन महिने झाले होते. पाय उडाल्या संध्याकाळीच सासूबाईंनी सौंदत्तीच्या यल्लम्माला नवस बोलून टाकला.

मणक्याला मार लागलेल्या पेशंटांबरोबर मी काम करते. हा प्रश्न मला त्यांच्या बहुतेक घरांतून येतो. सुरुवातीच्या वर्षांत मी "होय, होईल" म्हणून मोकळी व्हायची. अशाच एका "होय"वर एक कुटुंब वर्षभर वाट बघत बसलं, आणि पेशंटच्या माकडहाडावर पडून पडून जखम झाली. ते अजून खुपतं.

म्हणून बाईंना खाटेजवळ नेलं. त्याला म्हटलं, "अंगठा वर करा." काही नाही. मग तळव्याला बोट लावलं, पाय ताडकन उडाला.

"बघितलंत? हा निरोप मेंदूकडून आलेला नाही."

मार लागल्यावर काही दिवस, कधी काही आठवडे, खालचं अंग ढिलं पडतं. तो धक्का ओसरला की मज्जारज्जूचा, म्हणजे मणक्यांतून जाणाऱ्या नसांच्या दोरीचा, खालचा भाग मेंदूला न विचारता आपल्या मनानं झटके देऊ लागतो. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मात्र झटके एकाएकी वाढले तर लघवीत जंतू, कुठंतरी जखम किंवा तुंबलेलं पोट, यातलं काहीतरी शोधायचं. न कळणारं अंग असं बोलतं.

डॉक्टर वेगळी खूण बघतात: गुदद्वाराजवळ टाचणी टोचलेली कळते का, तिथं आवळता येतं का. कळत असेल तर आशेला जागा जास्त. बहुतेक सुधारणा पहिल्या सहा महिन्यांत दिसते, पुढं वर्ष-दोन वर्षं ती हळूहळू चालू राहू शकते. याला तिथं काहीच कळत नव्हतं.

"चालण्याची शक्यता फार थोडी," मी त्यालाच सांगितलं. "नाहीच असं म्हणत नाही, पण तिच्या भरवशावर थांबू नका."

त्यानं भिंतीकडं तोंड फिरवलं. दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. सासूबाई मात्र बोलल्या, भरपूर! त्या शेकायला तापवलेली वीट घेऊन आल्या होत्या. ती तेवढी परत पाठवली. चटका कळत नाही, कातडी भाजून निघते. दर दोन तासांनी कूस बदलायचं काम त्यांच्याकडं दिलं. ते त्यांनी घड्याळ लावून केलं, रात्रीसुद्धा. नवस राहू दे म्हटलं, त्याला माझी हरकत नव्हती.

तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "व्हीलचेअर घरात कशी न्यायची? जोतं फूटभर उंच हाय."

एक फूट उंचीला बारा फूट उतार लागतो. अंगण आठ फुटांचं. कागदावर आम्ही दोघांनी रेघा ओढल्या, आणि उतार तुळशीला वळसा घालून न्यायचं त्यानंच ठरवलं. गवंड्याला फोनही त्यानंच लावला.